गॅरेजमधला गुलाबी पडदा

आमच्या गॅरेजमध्ये एक समुद्र आहे, एक बाग आहे, चांदण्यांसकट एक चंद्र आहे आणि पुस्तकांनी गच्च भरलेली लायब्ररी आहे. गाडी तेवढी नाही. गाडी बाहेर पावसात भिजत असते, कारण चंद्राला ओल सोसत नाही.

ही सगळी सृष्टी माझ्या नवऱ्याने, जयेशने, स्वतःच्या हातांनी निर्माण केली आहे. तसा तो इंजिनियर. ॲथलोनमध्ये हृदयात बसवायच्या बारीक नळ्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथे त्या नळ्या नीट बनल्यात की नाही हे तो तपासतो. नळी केसाएवढी वाकडी असली तर फेकून देतो. आणि हाच माणूस शनिवारी हातात रोलर घेऊन मांजरपाटावर असा समुद्र काढतो की क्षितिज डावीकडून उजवीकडे घसरत जातं. मी म्हटलं, "अरे, सगळं पाणी कोपऱ्यात सांडेल." तर म्हणे, "कलेत थोडं चालतं गं."

बरं, ही कला कुठे? आयर्लंडमध्ये! जिथला डोंगर, जिथलं तळं बघायला लोक विमानं भरभरून येतात तिथे. आमच्या घरापासून चालत गेलं की शॅनन नदी. नदीकाठी खराखुरा दगडी किल्ला. आणि आमची मराठी मंडळी राजधानीजवळच्या टॅलाहून तासदीड तास गाडी हाकत येतात ती कशासाठी? तर त्या किल्ल्याकडे पाठ करून आमच्या गॅरेजमध्ये शिरायला आणि मांजरपाटावरच्या घसरत्या समुद्रासमोर उभं राहून जयेशकडून फोटो काढून घ्यायला. विचारलं तर म्हणतात, "बाहेर फार वारा आहे हो वहिनी, निऱ्या राहत नाहीत." तेही खरंच. इथे नऊवारी नेसून नदीकाठी उभं राहिलं तर पदर थेट पुढच्या काउंटीत सापडतो.

शेजारची मॉरीन मात्र सरळ बाई. तिने एकदा गॅरेजमध्ये डोकावून पाहिलं आणि सगळ्या गल्लीत जयेशचं नाव करून टाकलं, "युअर मॅन विथ द शीट्स." आपल्या भाषेत चादरींवाला. आता टपालवालाही त्याला त्याच नावाने ओळखतो. एवढं शिकून शेवटी नाव कमावलं ते हे.

चादरींवाल्याकडे सर्वात जास्त मागणी चंद्राला. आपल्याकडे डोहाळजेवण नुसतं जेवून होत नाही, ते बागेतलं असतं, नावेतलं असतं, चांदण्यातलं असतं. पुण्यात हे सगळं भाड्याने मिळतं. इथे आमच्या मराठी मंडळींतल्या गिरिजाचं सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण ठरलं आणि ती म्हणाली, मला चांदण्यातलंच हवं. जयेशला तेवढंच निमित्त. दोन रात्रीत त्याने निळं आभाळ रंगवलं, त्यात भाकरीएवढा चंद्र काढला आणि तो कापडाचा तागा वाळायला हॉट प्रेसमध्ये टांगला. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, जिथे इथली माणसं टॉवेल आणि चादरी ठेवतात. आमच्या टॉवेलांना पुढे महिनाभर चांदण्या लागलेल्या होत्या.

फोटोच्या दिवशी कळलं की चंद्र फार खाली आलाय. गिरिजा खुर्चीवर बसलेली, तिच्या मागे तिचा नवरा इंद्रनील उभा, आणि चंद्र बरोबर इंद्रनीलच्या डोक्यामागे. बिचारा कारखान्यात शिफ्ट करून आलेला, डोळे अर्धे मिटलेले. फोटोत तो नुकताच समाधीतून उठलेला महाराज दिसतो. गिरिजाच्या आईने नाशिकहून कळवलं, "जावईबापूंच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय!" तेज कसलं डोंबलाचं, मागे रंगाचा डबा होता.

लायब्ररीची हकीकत निराळीच. आमच्यातल्याच शिवांगीला इथल्या विद्यापीठाची पीएचडी मिळाली. तिचे आईवडील येऊ शकले नाहीत, म्हणून त्यांना पाठवायला झगा आणि टोपी घालून फोटो हवा होता. जयेशने पुस्तकांचं कपाट रंगवलं. त्यातल्या एका पुस्तकावर आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने, साक्षीने, गुपचूप स्वतःचं नाव लिहून ठेवलं. आता शिवांगीच्या घरी सोलापुरात तो फोटो फ्रेम करून लावलाय आणि येणारेजाणारे विचारतात, "ही साक्षी कोण मोठी लेखिका?"

पण चित्रं एकवेळ परवडली. दिवे नकोत. गॅरेजमध्ये दोन छत्र्या आहेत ज्या पावसासाठी नाहीत, दिव्यांचा उजेड मऊ करायला आहेत, एक काळ्या कापडाची पेटी आहे, आणि एक भलीमोठी पांढरी थर्माकोलची पाटी आहे जी धरायचा मान माझा. मान कसला, वेठबिगारी. जयेश ओरडतो, "नंदिनी, थोडी वर. थोडी खाली. श्वास घेऊ नकोस, उजेड हलतो." या माणसाला आता माणसं दिसत नाहीत, नाकं दिसतात आणि नाकांच्या सावल्या. लोकांच्या लग्नाला गेलो तरी वधूवरांवर अक्षता टाकायच्या सोडून हा म्हणणार, "वरून उजेड पडतोय, डोळ्यांत खड्डे दिसणार." मध्ये मला जवळ येऊन निरखून बघायला लागला. मी आपली लाजले. तर म्हणाला, "तुझी डावी बाजू बरी आहे." लग्नाला बारा वर्षं झाली, आणि कौतुक झालं ते अर्ध्या तोंडाचं.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना माझे सासरे आले. अण्णा. मिरजेत एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटे राहतात. दरवर्षी आम्ही बोलावतो, दरवर्षी ते म्हणतात, "तिथं मी कुनाशी बोलू?" या उन्हाळ्यात आले. म्हणजे इथल्या लोकांचा उन्हाळा. अण्णा स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीत बसायचे आणि विचारायचे, "उनाळा कधी चालू होनार म्हनं?" साक्षीला त्यांचं बोलणं कळतं, पण उत्तर देते इथल्या शाळेच्या इंग्रजीत. तरी दोघांचं छान जमलं. ते म्हणायचे, "काय गं, जेवलीस का?" ती म्हणायची, "आय'म ग्रँड, आजोबा." इथे ग्रँड म्हणजे नुसतं बरं, ठीक. ते समाधानाने मान हलवायचे. मी एकदा विचारलं, काय कळलं तुम्हाला? म्हणाले, "पोट भरलंय म्हनाली की."

जायच्या आधी पंधरा दिवस, एका रविवारी जेवताना, अण्णांनी कढीचा भुरका मारून सहज विषय काढला.

"जया, माझा एक फोटू काढ की."

जयेशचा चेहरा असा खुलला, काय सांगू! "काढू की अण्णा! समुद्र लावतो मागे. का बाग आवडेल?"

"समुद्र कशाला? हार घालायचा फोटू पायजे. भिंतीवरचा."

जयेशचा घास हातातच राहिला. साक्षीने विचारलं, "व्हॉट हार?" माझ्या माहेरीही एक आजोबा होते ज्यांनी आपला असा फोटो आधीच काढवून, फ्रेम करून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मरणाची भीती कमी आणि फोटो वाईट येण्याची जास्त. पण जयेश पाणी प्यायला आणि म्हणाला, "अण्णा, जेवताना काहीतरी अभद्र बोलू नका."

बघा, केसाएवढी वाकडी नळी फेकून देणारा, सगळं मोजून मापून बोलणारा विज्ञाननिष्ठ गृहस्थ. आणि शब्द काय, तर अभद्र!

अण्णा शांतपणे म्हणाले, "अभद्र त्यात काय? तुझ्या आईचा कसला फोटू लावलाय बघितलायस न्हवं?"

तो फोटो आम्ही सगळ्यांनीच बघितलाय. सासूबाई गेल्या तेव्हा घरभर शोधूनही त्यांचा एकटीचा धड फोटो मिळाला नाही. प्रत्येक फोटोत त्या वाढत तरी होत्या, नाहीतर कुणाच्या तरी मागे अर्ध्या झाकलेल्या. शेवटी एका पुतण्याच्या लग्नातल्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. मागे मांडवाचा गुलाबी पडदा, उजेड डावीकडून, आणि खांद्यावर कुणातरी बाईची चार बोटं अंगठीसकट. तीन वर्षं त्या बोटांनाही हार पडतोय. जयेश तेव्हा इथे होता. विमान मिळून पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. परत आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि थोड्याच दिवसांत पहिली छत्री आमच्या घरात आली. जे समजायचं ते मी तेव्हाच समजले होते, म्हणूनच तर इतकी वर्षं मुकाट्याने थर्माकोल धरत्येय.

अण्णा म्हणाले, "माझा फोटू तिच्या शेजारी लागनार. दोघं एका जागी बसल्यागत दिसाय पायजेत. तसलाच गुलाबी पडदा कर. उजेड बी तिकडनंच टाक. तेवढं तुला येतंय, म्हनून सांगतोय."

"बघू," जयेश म्हणाला.

आणि मग त्याने बघायला सुरुवात केली. ज्या माणसाने अख्खा समुद्र एका शनिवारी उरकला होता, त्याला एक गुलाबी पडदा जमेना. पहिला म्हणे फार लाल झाला. दुसरा जांभळ्यावर गेला. तिसरा जमला, तर त्याच्या चुण्या पटेनात. मोबाइलवर आईचा फोटो उघडून त्याच्याशी रंग जुळवत बसायचा आणि परत पांढरा फासायचा. अण्णा रोज संध्याकाळी गॅरेजच्या दारात येऊन विचारायचे, "झालं का रं?" हा म्हणायचा, "ओला आहे अजून." हॉट प्रेस गुलाबी झालं. माझा पांढरा कुर्ता गुलाबी झाला. साक्षी म्हणाली, "डॅड'स पेंटिंग द सेम शीट अगेन. इज ही ओके?"

नव्हता ओके. मला कळत होतं, अण्णांनाही कळत असावं. पडदा झाला की फोटो होणार, फोटो झाला की फ्रेम होणार, आणि फ्रेम झाली की तिच्या पुढचं काय ते त्याला डोळ्यांसमोर नको होतं. अण्णा रविवारी परत जाणार होते. शुक्रवारी रात्री मी गॅरेजमध्ये गेले आणि त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"तुम्ही फोटो काढलात म्हणून माणूस मरत नसतो," मी म्हटलं. रागावले की मी त्याला अहोजाहो करते. "आणि नाही काढलात म्हणून राहतही नसतो. एवढे हुशार आहात, एवढं कळत नाही? उद्या त्यांचा फोटो झाला नाही तर हे सगळे दिवे मी मॉरीनच्या कोंबड्यांना देऊन टाकीन."

तो पडद्यापुढे उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक झालाय तसा रंग." होताच मुळी. चार दिवसांपासून ठीक होता.

शनिवारी सकाळी अण्णा तयार होऊन बसले. दाढी गुळगुळीत, पांढरी टोपी, जयेशचा लग्नातला कोट. कोट खांद्यावर मोठा होत होता, म्हणून मी मागून कपड्यांचे चिमटे लावले. समोरून साहेब, मागून वाळत घातलेले. साक्षीने थर्माकोल धरायचा हट्ट केला, तर मला पहिल्यांदाच नुसतं बघायला मिळालं.

जयेशने डावीकडचा दिवा लावला. मग तो थोडा मागे नेला. मग परत पुढे आणला. मग त्याला टोपीची सावली कपाळावर दिसली. मग चष्म्यात छत्री दिसायला लागली. चष्मा काढला तर अण्णा ओळखू येईनात, मग परत घातला. साक्षी ओरडली, "स्माइल, आजोबा!"

"गेलेला मानूस हसतोय व्हय?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, प्लीज," जयेश म्हणाला आणि दिवा उंच करायला स्टुलावर चढला.

स्टुलावरून उतरला, परत चढला. तारेत काहीतरी गडबड आहे म्हणाला. तारेत काही नव्हतं. अण्णांची पाठ दुखायला लागली, चिमटे टोचायला लागले, तरी ते तसेच ताठ. शेवटी म्हणाले, "लेका, असाच बसवून ठेव मला. हितंच जातो, मग निवांत काढत बस." साक्षी फिदीफिदी हसली. मीही हसले. जयेश नाही हसला. तो कॅमेऱ्यामागे वाकून उभा होता आणि त्याचं बोट बटणावर नव्हतं.

तेव्हा अण्णा मऊ आवाजात बोलले.

"जया. आईचा फोटू काडाय तू नव्हतास. ते ऱ्हायलं ते ऱ्हायलं. त्येचं काय न्हाई. माझा काड."

जयेशचं बोट बटणावर गेलं. मग खटकन आवाज झाला. एकच.

फोटो कसा आला ते सांगते, आणि ह्यात टोमणा नाही. माझ्या नवऱ्याने आजवर काढलेल्या सगळ्या फोटोंत तो एक फोटो खरा आहे. मागे गुलाबी पडदा जसाच्या तसा, डावीकडून गालावर आलेला उजेड, आणि अण्णा समोर बघतायत. कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्यामागच्या पोराकडे. मला फोटो बघून रडू आलं. मी कांदा चिरायला गेले, म्हणजे कुणी विचारायला नको.

त्याच दिवशी विमान कंपनीचा निरोप आला की वादळामुळे रविवारचं विमान रद्द, आता बुधवारी. अण्णांना काहीच घाई नव्हती, फोटो झाला होता. जयेशने तो त्यांच्या मोबाइलवर पाठवला. दिवसभर ते तो बघत होते, बोटांनी मोठा करून, लहान करून.

सोमवारी सकाळी शाळेत जाण्याआधी साक्षीने आजोबांना फोटो पुढे कसा पाठवायचा ते शिकवलं. अण्णांनी तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता अण्णांना टाइप करता येत नाही. ते रोज सकाळी ग्रुपवर नुसते जोडलेले हात टाकतात, रामराम म्हणून. त्या दिवशी त्यांनी फोटो टाकला आणि खाली नेहमीसारखे जोडलेले हात. आणि मोबाइल चार्जिंगला लावून आंघोळीला गेले.

आता आपल्या लोकांना टोपी घातलेला, कोटातला, न हसणारा म्हातारा मधोमध दिसला आणि खाली जोडलेले हात दिसले, की आपले लोक काय समजणार? इचलकरंजीच्या अभिजितने, म्हणजे जयेशच्या चुलतभावाने, आधी बाजी मारली. "भावपूर्ण श्रद्धांजली. काकांच्या आत्म्यास सद्गती लाभो." बस. पहिल्याने लिहिलं की बाकीच्यांना काय, तेच उचलून चिकटवायचं. श्रद्धांजली, श्रद्धांजली, भावपूर्ण, विनम्र, ओम शांती. कुणीतरी मेणबत्ती टाकली. कुणीतरी लिहिलं, "परदेशात गेले, आपल्या मातीतही नाही, वाईट वाटतं." कुणी विचारलं, "तिकडे विद्युतदाहिनी आहे ना?" चौकशी म्हणून एक फोन कुणी केला असेल तर शपथ! दुःख इतकं अनावर की बोटं फक्त टाइप करण्यापुरती उरली होती.

मी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, फोन मुका करून. अण्णा न्हाणीघरात. आणि जयेशच्या कारखान्यात आत मोबाइल नेता येत नाही. चहाच्या सुट्टीत त्याने लॉकरमधून मोबाइल काढला, तर पडद्यावर त्याने स्वतः काढलेला फोटो, आणि त्याखाली ओळीने श्रद्धांजल्या. त्याने मला फोन लावला, मी उचलला नाही. अण्णांना लावला, तो चार्जिंगवर वाजत राहिला.

तो फोटो ग्रुपवर खुद्द अण्णांच्या नंबरवरून आलाय, हे नीट बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. नळीतला केसाएवढा वाकडेपणा ओळखणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही.

मला गाडीचा आवाज आला, तोही असा की गाडी गल्लीत न थांबता घरातच शिरणार. मी धावत खाली आले. तोवर पुढचं दार उघडलं होतं आणि जयेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कारखान्यातला पांढरा झगा अंगावर, डोक्यावर जाळीची टोपी, दाढीवर जाळी, पायात बुटांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या. आत अण्णा टेबलाशी बसून दूध-भाकरी कुस्करत होते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय रं?" अण्णा म्हणाले. "ह्ये काय सोंग?"

जयेश पुढे गेला आणि मटकन खाली बसला. अण्णांच्या दोन्ही पायांना त्याने मिठी घातली आणि असा मोठ्याने रडायला लागला, असा रडायला लागला की मी दारातच थिजले. बारा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. लहान पोर हरवून सापडल्यावर रडतं ना, तसं ते रडणं.

"आरं, झालं काय?" अण्णा घाबरले. दूध सांडलं. "नोकरी गेली का? नंदिनी, नोकरी गेली म्हन की याची! जाऊ दे लेका, दुसरी मिळंल."

त्याला बोलताच येईना. हातातला मोबाइल त्याने नुसता वर केला. मी तो घेतला, वाचला आणि मला आधी हसू आलं, मग अभिजितचा असा राग आला की तो समोर असता तर त्याची खैर नव्हती. मी अण्णांना वाचून दाखवलं. अण्णांनी चष्मा चढवला, मोबाइल माझ्याकडून घेतला आणि स्वतः सगळे निरोप बोटाने सरकवत सरकवत वाचले. एकही गाळला नाही. काहींवर थांबून "बरं बरं" म्हणाले.

"अभ्या म्हनतोय दिलदार मानूस हुता," ते म्हणाले. "दोन वर्षात घराकडं फिरकला न्हाई." मग फोटो परत वर आणून बघितला आणि समाधानाने म्हणाले, "फोटू मात्र झ्याक काडलास, जया. लोकास्नी पटला."

मी हसले. जयेश मात्र हसण्याच्या पलीकडे गेला होता. त्याने पाय सोडले नाहीत. खालूनच, नाक ओढत, म्हणाला, "अण्णा, जाऊ नका."

"कुठं?" अण्णा म्हणाले. "मिरजेला का वर?"

"कुठंच."

अण्णांनी मोबाइल टेबलावर ठेवला. दुधाने माखलेला हात आपल्या धोतराला पुसला आणि जयेशच्या डोक्यावरच्या जाळीवर ठेवला.

"मिरजेला जानार," ते म्हणाले. "तिकीट हाय. तुझी आई भिंतीवर एकटी हाय. आन् वरचं काय माझ्या हातात न्हाई, लेका. पर तवा तू आधी फोन उचल. मी तुला सांगून जातो. ग्रुपवर कळाय देत न्हाई."

जयेशने मान हलवली, डोक्यावरची जाळी काढली आणि त्या जाळीनेच डोळे पुसले.